खाली राहणारा सभासद

आमच्या घरात फळ कापणाऱ्याने शेवटची फोड घ्यायची, असा नियम आहे. नियम अर्थात ह्यांचा. लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता, मी कलिंगड कापलं आणि मधली लालभडक फोड उचलली, तर ह्यांनी असं पाहिलं जणू मी कुणाचं पाकीट मारलंय. मग समजावून सांगितलं. सुरी ज्याच्या हातात, त्याने आधी दुसऱ्याला निवडू द्यावं, म्हणजे तो फोडी आपोआप सारख्या करतो. "अहो, घरात माणसं दोन," मी म्हटलं. "दोन आहेत म्हणून तर," हे म्हणाले. तेव्हापासून मी फळाला सुरी लावलेली नाही. हेच कापतात आणि सालीजवळचं पांढरं स्वतः खातात.

हे कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. दुसरीकडे कुठेच प्रवेश न मिळालेली मुलं ह्यांच्या वर्गात येऊन बसायची. निम्मी झोपायची, उरलेल्यांना हे विचारायचे की होडी बुडायला लागली तर आधी कुणाला बाहेर काढाल. मी हॉस्पिटलात जळिताच्या वॉर्डात नर्स. दिवसभर खऱ्याखुऱ्या माणसांत आधी कोण नि नंतर कोण ते ठरवून घरी यायचे, आणि ह्यांच्या होडीतल्या माणसांची खुशाली विचारायचे. माणूस गरीब गाय. साधा बल्ब बदलता यायचा नाही, पण जगात कुठे अन्याय झाला की घास उतरायचा नाही. मला ह्यांचा राग यायचा आणि मायाही वाटायची. दोन्ही अजून आहे.

निवृत्तीला थोडी वर्षं राहिली असताना अंतराळ खात्यातून फोन आला. खात्याची एक नीतिसमिती होती. तिच्यात तत्त्वज्ञानाचा एक माणूस असलाच पाहिजे असा कायदा होता, आणि आधीचा माणूस वारला होता. ह्यांना वाटलं, आपल्या विद्येचं चीज झालं. मला वाटलं, रिकामी खुर्ची भरली. तरी मी शर्टाला कडक इस्त्री करून दिली.

समितीपुढचा प्रश्न जमिनीवरचा होता. रॉकेट वर जाताना पहिली टाकी रिकामी झाली की खाली सोडून देतं. समुद्रावरून उडवलं तर टाकी पाण्यात पडते, पण त्या वाटेने इंधन जास्त जातं आणि उपग्रह लहान न्यावा लागतो. जमिनीवरून उडवलं तर खाली एक ओसाड पट्टा लागतो. त्या पट्ट्यात एक वस्ती आहे. टाकीच्या तळाशी थोडं इंधन उरलेलं असतं आणि ते जहर असतं. टाकी नेमकी वस्तीवर पडण्याची शक्यता फार कमी. उपग्रह मात्र वादळाची आगाऊ खबर देणारे, एका खबरीने किनाऱ्यावरची हजारो माणसं वाचतात. हजारो तिकडे, मूठभर इकडे. इंजिनियर लोकांनी हिशेब कधीच उरकला होता. कुणीतरी तत्त्वज्ञानाच्या भाषेत "चालेल" म्हणायचं तेवढं बाकी होतं.

हे म्हणाले नाहीत. ह्यांनी विचारलं, "धोका किती, ते नंतर बघू. तो ठरवणार कोण आणि भोगणार कोण? सुरी तुमच्या हातात आहे, तर शेवटची फोड तुम्ही घ्या. उड्डाणाच्या मंजुरीवर जो सही करेल, त्याने त्या वस्तीत राहायला जावं. घरदार करून. आणि उड्डाणाच्या दिवशी वस्ती सोडू नये."

घरी येऊन सांगताना हे लहान मुलासारखे खुलले होते. म्हणे खोलीत कुणी बिस्किटाला हात लावेना. समितीच्या अध्यक्षबाई स्वतः जुन्या इंजिनियर, बोलायला मऊ, गालात सदा खोकल्याची गोळी. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "मास्तर, फार मोठं बोललात." पुढच्या बैठकीत नियम एकमताने मंजूर झाला. फक्त एक बारीकशी दुरुस्ती झाली. सगळ्या सभासदांनी जायची गरज नाही, एक प्रतिनिधी पुरे. एकाच्या मुलीची परीक्षा होती, एकाला रक्तदाब, एकाची आई अंथरुणाला खिळलेली. शेवटी सबब नसलेला एकच माणूस उरला. सबब काढायची अक्कलही त्याला नव्हती. हे 'निवासी सभासद' झाले, सहीही ह्यांचीच ठरली, आणि वस्तीत दोन खोल्या मिळाल्या. मी रागारागाने नोकरी सोडली. ज्याला चहासुद्धा धड जमत नाही त्याला एकट्याला कुठे धाडणार?

वस्ती म्हणजे एक रस्ता, दोन्ही बाजूंना पत्र्याची घरं, शाळा, कायम कुलूप लावलेला दवाखाना आणि टोकाला पाण्याचा पंप. आमच्या शेजारी शिंपीणबाई राहायची. तिचा नवरा पंप चालवायचा, म्हणून तो पंपवाला. ती टाचण्या ओठांत धरून बोलायची. ते बोलणं आधी फक्त नवऱ्याला कळायचं, पुढे मलाही कळायला लागलं. आल्या दिवशी तिने ह्यांच्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "वहिनी, मास्तरांनी कोट कुणाचा मागून आणलाय?" दुपारी कोट घेऊन गेली, संध्याकाळी अंगाबरोबर बसवून आणून दिला.

उड्डाणाच्या दिवशी सकाळी खात्याच्या बसगाड्या यायच्या, सगळ्यांना टेकडीपलीकडच्या गोदामात नेऊन बसवायच्या आणि भोंगा झाला की परत आणायच्या. लोक कुरकुर करायचे, पण जायचे. शिंपीणबाई सगळ्यांच्या आधी बसमध्ये. ती इतकी घाबरट की शिलाई मशीनचं डोकं स्टँडवरून सोडवून, चादरीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसायची. सगळे हसायचे. "हसा," ती म्हणायची, "मशीन गेलं तर उघडे फिराल."

ह्यांना मात्र जायचं नव्हतं, नियमच होता. पहिल्या उड्डाणाला हे दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. आत बसा म्हटलं, तर म्हणाले पत्र्याने काय फरक पडतो. मी आत उगाच भांडी घासत राहिले. आभाळात एक पांढरी रेघ उमटली, कुठेतरी लांब दणका झाला आणि संपलं. बसगाड्या परत आल्या तेव्हा हे खुर्चीत चहा पीत होते. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाने ते पाहिलं.

पुढच्या उड्डाणाला काही घरं गेलीच नाहीत. त्याच्या पुढच्या वेळी निम्मी वस्ती दारात उभी राहून आभाळाकडे बघत होती. मग बसगाड्या रिकाम्या परत जायला लागल्या. कधीतरी बसमधून उतरताना एका म्हाताऱ्याचं कंबरडं मोडलं होतं, तेवढं निमित्त खात्याला पुरलं. लोकांना हलवण्यातही धोका असतो, असं अध्यक्षबाईंनी ठरवून टाकलं आणि गाड्या बंद केल्या. ह्यांनी फोनवर वाद घातला. "मास्तर, गाड्यांना मागणीच नाही," त्या म्हणाल्या. ते खरंच होतं.

काय झालंय ते ह्यांच्या तेव्हा लक्षात आलं. शाळेत सगळ्यांना गोळा करून हे फळ्यापुढे उभे राहिले. "मी इथे राहतो, कारण इथे धोका आहे," हे म्हणाले. "मी तुम्हाला त्या धोक्यात ढकललंय, म्हणून मला राहायला हवं. तुम्हाला असं काही बंधन नाही. तुम्ही जा. पायी जा, पण जा." सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी शिंपीणबाई ह्यांच्या कोटाचं बटण लावायला आली आणि मुद्द्यालाच हात घातला.

"मास्तर, तुम्ही खात्यातले. टाकी कुठे पडणार ते तुम्हाला आधीच ठाऊक असणार."

"मला ठाऊक नसतं. कुणालाच नसतं."

"बरं, नसतं," ती हसली. "पण शिकलेला माणूस कुठे मरायला राहतो का?"

हे समजावत राहिले, ती बटण शिवत राहिली. जाताना मला दाराशी म्हणाली, "वहिनी, माझी आई घाबरत घाबरतच गेली. मी पण तशीच गेले असते. मास्तरांना त्या खुर्चीत बसलेलं बघते ना, छाती हलकी होते." मशीनचं डोकं सोडवायचं तिने केव्हाच बंद केलं होतं.

पुढचं उड्डाण आठवड्यावर आलं तेव्हा मी ठरवलं की आता गप्प बसायचं नाही. हे सफरचंद कापत होते.

"या वेळी आपण जाऊ," मी म्हटलं. "सगळ्यांदेखत. दाराला कुलूप घाला, बॅग घ्या आणि रस्त्याने पळत सुटा. भेदरल्यासारखं करा."

"कशासाठी?"

"तुम्ही पळालात की ते पळतील."

"म्हणजे फसवायचं त्यांना."

"वाचवायचं."

ह्यांनी सुरी खाली ठेवली. "अगं, ती मेंढरं नाहीत. कारण सांगायचं आणि त्यांना ठरवू द्यायचं, हाच माणसाला माणूस मानणं झालं. भीती घालून हाकलायला मी कशाला हवा? आणि मी पळालो की नियम मेला. मग खातं वर बसून वाटेल तिथे टाक्या पाडेल आणि विचारायला कुणी उरणार नाही."

"आणि तुमचा नियम जगवताना माणसं मेली तर?"

"मी त्यांच्यातच असेन."

हे अशा सुरात म्हणाले की जणू त्याने सगळं फिटलं. मला ती बशी उचलून फेकावीशी वाटली. "तुमच्या मनाला डाग लागू नये, एवढ्यासाठी चाललंय हे सगळं," मी म्हटलं. "लोकांनी पळपुटा म्हटलेलं तुम्हाला सोसणार नाही." ह्यांनी बशी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "तसं असेलही." आणि दुसऱ्या दिवशी मंजुरीवर सही करून मोकळे झाले.

उड्डाणाच्या सकाळी मी एकटीच बॅग भरून बाहेर पडले. आधी शिंपीणबाईकडे गेले. "चल, टेकडीपलीकडे पायी जाऊ. बाकीच्यांनाही सांग."

"मास्तर येतात?" तिने टाचण्यांमधून विचारलं.

"नाही."

"भांडलात होय?" ती म्हणाली, आणि समोरच्या घरातल्या बाईला हाक मारून सांगितलं की मास्तरीणबाई रुसून निघाल्या. सगळा रस्ता हसला. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. माझी जळितांच्या वॉर्डातली सगळी वर्षं एका पारड्यात आणि तो खुर्चीत बसलेला माणूस दुसऱ्यात, असं झालं होतं. मी बॅग घेऊन घरी परत आले आणि ह्यांच्या मागे दारात उभी राहिले.

या वेळी दणका लांब झाला नाही. खिडकीची काच फुटून आत पडली आणि पायाखालची फरशी हादरली. पंपाच्या मागे, शिंपीणबाईच्या परसाला लागून जी मोकळी जागा होती तिथे टाकी आडवी पडली होती आणि तिच्यातून तांबूस तपकिरी धूर निघत होता. वारा आमच्या बाजूने तिकडे वाहत होता. लोक घरांतून बाहेर आले, एकमेकांना हात लावून बघू लागले. कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. हे खुर्ची धरून उभे होते आणि तोंडावर हसू होतं. "कुणी मेलं नाही," हे मला म्हणाले. ते हसू मी ह्यांना कधी माफ करणार नाही.

शिंपीणबाई परसात गेली होती. दोरीवर गिऱ्हाइकांची कापडं वाळत होती, धुराने खराब होतील म्हणून ती काढायला धावली. दोन्ही हातांत ढीग घेऊन ती आमच्याकडे आली, खोकत आणि हसत. "सगळी वाचली," ती म्हणाली. "बरं झालं गेले नाही. मास्तर, तुमच्यामुळे लोकांची कापडं वाचली." तिचे डोळे लालबुंद झाले होते. त्या धुराचा रंग मला ओळखीचा होता. कारखान्यात असा धूर छातीत गेलेली माणसं आमच्या हॉस्पिटलात आणायचे. ती स्वतःच्या पायांनी चालत यायची, बोलायची, चहा मागायची. आणि मग काही तासांनी छाती आतून पाण्याने भरत जायची. मी तिला भिंतीला टेकवून बसवलं, अजिबात हलू नकोस म्हटलं, आणि ह्यांना फोन करायला पिटाळलं. ऑक्सिजन मागवा म्हटलं, दुसरं काही बोलू नका.

खात्याचं हेलिकॉप्टर लगेच आलं. ते टाकीसाठी आलं होतं. तोंडावर मुखवटे घातलेली माणसं उतरली, टाकीभोवती दोर बांधला, फोटो काढले. त्यांच्या पाठीवर ऑक्सिजनचे सिलिंडर होते. मी धावत गेले आणि एक द्या म्हणून हात जोडले. त्यातला एक जण अगदी सभ्यपणे म्हणाला की हे सिलिंडर कर्मचाऱ्यांसाठी आहेत, रुग्णवाहिका रस्त्याने निघालीय. रस्ता टेकडीला पूर्ण वळसा घालून येतो. मी त्याच्या पाठीवरचा पट्टा ओढला, तर त्याने माझा हात हळूच सोडवला.

ऊन कलायला लागलं तसं तिला दोन शब्द बोलतानाही धाप लागायला लागली. ओठ निळे पडले. तोंडाशी गुलाबी फेस यायला लागला, तो मी पुसत राहिले. माझ्या हातात टॉवेल होता, त्यापलीकडे काही नव्हतं. पंपवाला तिचे तळपाय चोळत होता. ह्यांनी तिचा हात धरला होता. तिने मान वळवून ह्यांच्याकडे पाहिलं.

"मास्तर, तुम्हाला पण होतंय असं?"

"नाही," हे म्हणाले.

"नाही ना," ती म्हणाली, आणि तिच्या तोंडावरचा ताण खरोखरच उतरला. "मग काही नाही."

रुग्णवाहिका आली तेव्हा ती गेली होती. डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, त्याने पेटी उघडलीच नाही. गिऱ्हाइकांची कापडं पंपवाल्याने दुसऱ्या दिवशी घरोघर नेऊन दिली.

तो उपग्रह वर व्यवस्थित गेला होता. पुढे वादळ आलं, त्याची खबर वेळेवर मिळाली, किनारा आधीच रिकामा झाला आणि तिथली माणसं वाचली. हे मी नाकारत नाही. टीव्हीवर ती माणसं लेकरं कडेवर घेऊन हसताना दाखवत होते. ह्यांनी ते शेवटपर्यंत पाहिलं.

अध्यक्षबाई स्वतः भेटायला आल्या. पंपवाल्यापुढे मान खाली घालून उभ्या राहिल्या, मग आमच्याकडे येऊन बसल्या. "निवासी सभासदाची पद्धत समितीने यशस्वी ठरवलीय," त्या ह्यांना म्हणाल्या. "हानी अंदाजापेक्षा कमी झाली. वस्तीत घबराट नव्हती. बाकीच्या पट्ट्यांतही आता असे सभासद नेमायचे आहेत. त्यांना तुम्हीच शिकवावं अशी सगळ्यांची इच्छा आहे."

"तिला वाटलं धोकाच नाही," हे म्हणाले. "माझ्याकडे बघून वाटलं."

"म्हणजे विश्वासच तो, मास्तर." त्यांनी गोळी या गालातून त्या गालात घेतली.

"पुढच्या मंजुरीवर मी सही करणार नाही."

"नका करू. सही आम्ही करू. तुम्ही नुसते तिथे राहिलात तरी पुरे."

एक बाई गेली तरी वस्ती हलायला तयार नव्हती, मास्तर अजून इथेच आहेत ना, म्हणायची. पुढच्या उड्डाणाच्या सकाळी ह्यांनी शिंपीणबाईने बसवून दिलेला कोट घातला. बॅग घेतली, दाराला कुलूप लावलं, खुर्ची रस्त्यात उलटी फेकली आणि पळायला लागले. ह्यांच्या वयाला, ह्यांच्या गुडघ्यांना ते शोभत नव्हतं. एक चप्पल पायातून निसटली, ती तिथेच राहिली. "टाकी पडणार," हे ओरडत होते, "मला मरायचं नाही." मी मागून धावत होते आणि मला रडू येत होतं, कारण ह्यांना सोंग करताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि हे सोंग नव्हतं.

लोक बाहेर आले. आधी बघत राहिले. मग कुणीतरी "पळपुटा" म्हणालं. "आमची बाई मारली आणि आता स्वतः पळतोय," समोरच्या घरातली बाई किंचाळली. एक ढेकूळ ह्यांच्या पाठीत बसलं. ज्याने ते मारलं, तो लगेच वळला आणि त्याने आपली म्हातारी पाठीवर घेतली. मग एकेका दाराला कुलपं लागायला लागली. आम्ही टेकडीच्या चढाला लागलो तेव्हा सगळी वस्ती मागून येत होती, पायी, गाठोडी घेऊन, ह्यांना आईबहिणीवरून शिव्या देत. खाली रस्त्यावर एक माणूस उरला नव्हता.

पंपवाला चालत चालत आमच्या बरोबरीला आला. त्याने एकही शिवी दिली नव्हती. खांद्यावर चादरीत गुंडाळलेलं मशीनचं डोकं होतं.

"मास्तर, एवढंच करायचं होतं?" त्याने विचारलं.

हे थांबले. श्वास लागला होता, तो जमेपर्यंत थांबले. "हो," म्हणाले. "एवढंच."

"मागच्या वेळी झालं असतं?"

"झालं असतं."

पंपवाल्याने मशीन दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि पुढे निघून गेला.

गोदामात ह्यांना कुणी जवळ बसू दिलं नाही. हे दाराबाहेर उन्हात एका पायात चप्पल घालून उभे राहिले, मी बॅगेवर बसले. भोंगा झाला. टाकी कुठेतरी फार लांब पडली होती, वस्तीत एक काचही फुटली नव्हती. लोक उठले, ह्यांच्या पायाशी थुंकत घरी निघाले. पंपवाला भिंतीला टेकून तसाच बसला होता, मशीन मांडीवर घेऊन, ती बसायची तसा.